तिसऱ्या आठवड्यात काय झाले होते?

सत्र संपले की विद्यार्थ्यांनी भरलेले अभिप्रायाचे अर्ज विभागाच्या कपाटात गठ्ठ्यांनी येऊन पडतात. काही वर्षांपूर्वी माझ्या सांख्यिकीच्या वर्गाच्या गठ्ठ्यात एका अर्जावर, शेवटच्या मोकळ्या चौकटीत, एकच वाक्य लिहिलेले मला दिसले : "तिसऱ्या आठवड्यापासूनच मला काही समजेनासे झाले होते." त्याच अर्जावर वरच्या सगळ्या प्रश्नांना पाचपैकी चार गुण दिलेले होते, म्हणजे सरासरी काढणाऱ्याच्या हिशेबी हा अर्ज एका समाधानी विद्यार्थ्याचा होता. आमचे सत्र सोळा आठवड्यांचे असते. ते वाक्य लिहिणारी व्यक्ती तेरा आठवडे माझ्यासमोर बाकावर बसली, हजेरीला 'हजर' म्हणाली, फळ्यावरचे वहीत उतरवत राहिली आणि मला त्याचा पत्ताही लागला नाही. मी तो अर्ज वाचला तेव्हा परीक्षा होऊन गेली होती.

तिसऱ्या आठवड्यात आपण काय शिकवले होते, हे पाहण्यासाठी मी जुनी टिपणे काढली. समष्टी, म्हणजे ज्याच्याविषयी जाणून घ्यायचे तो सगळा समूह, आणि नमुना, म्हणजे त्यातून निवडलेला लहान भाग, यांतला फरक सांगून मी लगेच नमुन्याच्या सरासरीच्या वितरणाकडे वळले होते. एकाच समष्टीतून पुन्हा पुन्हा नमुने घेतले तर प्रत्येक वेळी सरासरी वेगळी येते, आणि त्या सरासऱ्यांचेही स्वतःचे एक वितरण असते, ही कल्पना पहिल्यांदा ऐकणाऱ्याला फार अवघड जाते. पुढचे विश्वासांतर (नमुन्यावरून काढलेला अंदाजाचा पट्टा), परिकल्पनांच्या चाचण्या, सगळे तिच्यावरच उभे असते. मी तिला एक तास दिला होता. तो तास ज्याच्या हातून निसटला, त्याला पुढे मी काय सांगते आहे हे कळण्याचा मार्गच उरला नव्हता, आणि वर्गात तसा तो एकटाच असेल असे मानायला मला काही आधार नव्हता.

तेव्हापासून मला ठामपणे वाटत आले आहे की आपण विद्यार्थ्यांना बहुतेक वेळा चुकीचा प्रश्न विचारतो, आणि तोही अवेळी विचारतो. अध्यापकाचे विषयावर प्रभुत्व आहे का, शिकवणे परिणामकारक होते का, अभ्यासक्रम अद्ययावत आहे का, असे आपण विचारतो. या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी जे माहीत असावे लागते, ते विद्यार्थ्याला माहीत नसते. ते माहीत नाही म्हणूनच तो शिकायला आलेला असतो. आपल्यावर काय बेतले, कुठे वाट चुकली, कोणत्या रात्री पुस्तक मिटून ठेवावेसे वाटले, कोणता तास ऐकताना अचानक उजेड पडला, हे मात्र त्याच्याइतके दुसऱ्या कोणालाच माहीत नसते आणि नेमके तेच विचारायचे राहून जाते. आपण त्याला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवतो. खरे तर तो साक्षीदार आहे, आणि त्याची साक्ष अत्यंत मोलाची आहे.

विद्यार्थ्यांचा शब्द विद्यापीठात चालावा, ही मागणी विद्यापीठांइतकीच जुनी आहे. मध्ययुगात इटलीतल्या बोलोन्या येथे विद्यार्थ्यांचे संघच अध्यापकांना नेमत; अध्यापक तासाला उशिरा आला, परवानगीशिवाय गावाबाहेर गेला किंवा नेमून दिलेला भाग मुदतीत पुरा करू शकला नाही, तर त्याला दंड होई. १९१८ मध्ये अर्जेंटिनातल्या कोर्दोबा येथील विद्यार्थ्यांच्या उठावातून विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांना वाटा मिळण्याची प्रथा लॅटिन अमेरिकेत पसरली. गुण देण्याच्या ज्या अर्जांची आपल्याला सवय आहे, ते अलीकडचे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स यांनी १९२७ च्या सुमारास अध्यापकांचे मूल्यमापन करण्यासाठी एक मापनश्रेणी तयार केली, आणि पुढे तशा प्रकारचे अर्ज जगभर रूढ झाले.

या अर्जांतल्या आकड्यांवर किती विसंबावे, यावर बराच अभ्यास झाला आहे. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत विद्यार्थ्यांना प्राध्यापक निवडता येत नाही, तुकड्या यादृच्छिक पद्धतीने पाडल्या जातात. त्याचा आधार घेऊन स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांनी २०१० मध्ये दाखवून दिले की ज्या प्राध्यापकांच्या वर्गात विद्यार्थ्यांना त्या विषयात चांगले गुण मिळत आणि ज्यांना विद्यार्थी चांगले अभिप्राय देत, त्यांचे विद्यार्थी पुढच्या, त्याच विषयावर आधारलेल्या अभ्यासक्रमांत मागे पडत होते. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गात लुई देलोरिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मला याहून बोलका वाटतो. काही विद्यार्थ्यांना उत्तम व्याख्यान ऐकवले गेले आणि काहींना तीच उदाहरणे गटात बसून स्वतः सोडवायला लावली गेली. स्वतः धडपडणारे विद्यार्थी चाचणीत पुढे होते, पण "आपण जास्त शिकलो" असे वाटत होते ते व्याख्यान ऐकणाऱ्यांना. शिकताना होणारी ओढाताण ही न शिकल्याची खूण वाटते, आणि ओघवते व्याख्यान ऐकताना जे सहज पटते ते आपल्याला आले असाच समज होतो.

आणखी एका प्रयोगाचा उल्लेख करते, कारण स्त्री प्राध्यापक म्हणून तो मला विसरता येत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिलियन मॅकनेल आणि सहकाऱ्यांच्या या अभ्यासात एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे दोन अध्यापक होते, एक पुरुष आणि एक स्त्री. प्रत्येकाने एका गटाला स्वतःच्या नावाने आणि दुसऱ्या गटाला दुसऱ्याच्या नावाने शिकवले. तपासलेले काम सर्व गटांना एकाच वेळी परत दिले जात होते, तरीही वक्तशीरपणाचे गुण स्त्रीच्या नावाला कमी पडले. विद्यार्थीसंख्या लहान होती आणि सांख्यिकी शिकवणाऱ्या माणसाने तेवढ्यावरून सरसकट निष्कर्ष काढू नयेत, हे मला मान्य आहे. पण पदोन्नतीच्या बैठकीत एका प्राध्यापकाच्या ३.९ ची दुसऱ्याच्या ४.१ शी तुलना होताना मी पाहिली आहे. तिथे कोणी विद्यार्थीसंख्या विचारली नव्हती. कॅनडात रायर्सन विद्यापीठाच्या प्रकरणात २०१८ मध्ये लवादाने निर्णय दिला की पदोन्नती आणि नोकरीतील कायमपणा ठरवताना अध्यापनाची परिणामकारकता मोजण्यासाठी असे गुण वापरू नयेत. तो निर्णय मला योग्य वाटतो.

माझे काही सहकारी इथेच थांबतात. अर्ज विश्वासार्ह नाहीत, तेव्हा विद्यार्थ्यांना विचारायलाच नको, असे ते म्हणतात. हा निष्कर्ष मला मुळीच पटत नाही, कारण माणसे कशी शिकतात याविषयी आज आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातला फार मोठा भाग विद्यार्थ्यांचे ऐकूनच हाती आला आहे. १९७० च्या दशकात स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे फेरेन्स मार्टन आणि रॉजर सेल्यो यांनी विद्यार्थ्यांना एक मजकूर वाचायला दिला आणि नंतर प्रत्येकाशी बोलून त्याला काय समजले, तो वाचताना काय करत होता, हे विचारले. काही जण पुढे विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या धास्तीने शब्द आणि तपशील लक्षात ठेवत होते, तर काही जण लेखकाला काय म्हणायचे आहे ते शोधत होते. सखोल आणि वरवरचे अध्ययन हा आज सर्वत्र वापरला जाणारा भेद १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामातून आला. पुढे पॉल रॅम्सडेन यांनी ऑस्ट्रेलियात अभ्यासक्रमाच्या अनुभवाविषयीची जी प्रश्नावली १९९१ मध्ये मांडली, तिच्यात उद्दिष्टे स्पष्ट होती का, कामाचा भार पेलण्याजोगा होता का, परीक्षेत पाठांतरालाच किंमत होती का, असे प्रश्न होते. भार पेलवेनासा झाला आणि घोकंपट्टीवर निभावते असे दिसले की विद्यार्थी वरवरच्या अभ्यासाकडे वळतो. तो आळशी आहे म्हणून घोकतो, असे आपण म्हणतो, आणि तो बिचारा आपण ठरवलेल्या परिस्थितीला शहाणपणाने तोंड देत असतो.

मी माझ्या वर्गात जे सुरू केले, ते माझे स्वतःचे नाही. वॉशिंग्टन विद्यापीठात जोसेफ क्लार्क यांनी १९८० च्या सुमारास एक पद्धत बसवली. सत्राच्या मध्यावर बाहेरची एक व्यक्ती वर्गात येते, अध्यापक बाहेर जातो, विद्यार्थी चार-पाच जणांच्या गटांत बसतात, शिकायला कशाची मदत होते आणि कशाची अडचण होते यावर बोलतात, आणि सर्वांना मान्य असलेले मुद्दे ती व्यक्ती अध्यापकापर्यंत पोहोचवते. मी मध्यापर्यंत थांबत नाही, पाचव्या आठवड्यात हे करते. दुसऱ्या विभागातल्या एक सहकारी बाई येतात, मी पंचवीस मिनिटे ग्रंथालयात जाऊन बसते. पहिल्या वर्षी ती पंचवीस मिनिटे मला फार जड गेली.

त्या दिवशी संध्याकाळी बाईंनी माझ्यासमोर कागद ठेवला. पहिला मुद्दा फळ्याचा होता : मी उजव्या बाजूला लिहायला लागले की डावी बाजू पुसते, आणि मागच्या बाकांवरच्यांचे तोपर्यंत उतरवून झालेले नसते. दुसरा मुद्दा वाचून मी बराच वेळ काही बोलू शकले नाही. "मॅडम 'समजलं ना?' असं विचारतात, पण विचारताना पहिल्या दोन बाकांकडे बघतात. 'ना' म्हटल्यावर 'नाही' कसं म्हणायचं?" असे एका गटाने लिहून दिले होते. वीस वर्षे मी तो प्रश्न तासाला निदान चार वेळा विचारत आले होते आणि माझ्या मनाने ती विद्यार्थ्यांची काळजीच होती. त्या एका अक्षरात उत्तर आधीच भरलेले आहे, हे मला भाषेच्या कोणत्याही जाणकाराने सांगितले नव्हते. ते मागच्या बाकावरच्या मुलामुलींनी सांगितले. आता मी तास संपण्याआधी तीन मिनिटे राखून ठेवते आणि आज सर्वांत धूसर काय राहिले ते चिठ्ठीवर, नाव न घालता, लिहायला सांगते. हा उपाय वर्गाध्यापनात अनेक ठिकाणी वापरला जातो. चिठ्ठ्या वाचायला मला दहा मिनिटे लागतात आणि पुढचा तास कुठून सुरू करायचा ते कळते. नमुन्याच्या सरासरीच्या वितरणाला मी आता तीन तास देते आणि पहिल्या तासात सगळा वर्ग पिशवीतून क्रमांकाच्या चकत्या काढून स्वतः सरासऱ्या मांडतो.

तिसरा मुद्दा माझ्या वर्गापुरता नव्हता, आणि विद्यापीठाच्या सुधारणेच्या दृष्टीने मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विद्यार्थ्यांनी लिहिले होते की नवव्या आठवड्यात त्यांना सहा ठिकाणी काम सादर करायचे आहे. मला त्यातले एकच ठाऊक होते, माझे. आम्ही सहा प्राध्यापकांनी आपापल्या सोयीने, पहिली चाचणी झाल्यावर आणि दुसरी सुरू होण्यापूर्वी मधला आठवडा धरला होता; प्रत्येकाची निवड वाजवी होती आणि सगळ्या मिळून एक कोंडी तयार झाली होती. मी विभागाच्या बैठकीत मोठा कागद भिंतीला लावला, सोळा उभे रकाने आखले आणि प्रत्येकाला आपल्या तारखा लिहायला सांगितल्या. नववा रकाना भरून खाली वाहू लागला, सहावा आणि बारावा कोरे राहिले. कोणी काही बोलले नाही. एका ज्येष्ठ सरांनी उठून आपली तारीख खोडली आणि बाराव्या रकान्यात लिहिली. अभ्यासक्रम आम्ही तुकड्यातुकड्यांनी शिकवतो, तो सलग जगतो तो फक्त विद्यार्थी, त्यामुळे विषयांच्या सांध्यांत काय घडते हे त्याच्याखेरीज कोणाला दिसूच शकत नाही. एका विषयात गृहीत धरलेले गणित दुसऱ्या विषयात दोन महिन्यांनी शिकवले जाते, एकाच संकल्पनेला दोन वर्गांत दोन वेगळी चिन्हे वापरली जातात, एका ठिकाणी ज्या लेखनपद्धतीला गुण मिळतात तिलाच दुसरीकडे लाल रेघ येते. या गोष्टी कोणत्याही प्राध्यापकाच्या सरासरीत दिसत नाहीत, कारण त्या कोणा एकाच्या नसतात.

ऐकायचे ठरवल्यावर कोणाचे ऐकतो आहोत, हेही तपासावे लागते. वर्गप्रतिनिधी बहुधा धीट आणि बोलका असतो, समितीत बसून प्राध्यापकांसमोर बोलणे त्याला जमते, आणि त्याचा अनुभव खरा असला तरी सगळ्यांचा नसतो. घरात पहिल्यांदाच विद्यापीठाची पायरी चढलेला, नोकरी सांभाळून शिकणारा, दुसऱ्या भाषेतून शिकून आलेला, अपंगत्वामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोहोचायला धडपडणारा विद्यार्थी समितीत क्वचित असतो. माझ्या एका विद्यार्थ्याला मी एकदा विचारले की अडचण असेल तर या, असे मी पहिल्याच दिवशी सांगितले होते, मग तू का आला नाहीस? तो म्हणाला, "मॅडम, अडचण काय आहे हे सांगता आलं असतं तर आलो असतो. नुसतं 'काहीच येत नाही' असं सांगायला कसं यायचं?" मी दार उघडे ठेवले होते, पण आत येण्यासाठी त्याच्या हातात एक नीटनेटका प्रश्न असला पाहिजे अशी अट मी नकळत घातली होती. आता पहिल्या महिन्यात मी प्रत्येकाला दहा मिनिटे ठरवून बोलावते. वर्ग साठ जणांचा असतो, त्यामुळे ते दहा तास मी वेळापत्रकात आधीच बाजूला काढते.

सगळ्यांत पूर्णपणे निसटतात ते शिक्षण सोडून गेलेले. सत्राच्या शेवटी अर्ज भरायला ते नसतातच, म्हणून आपल्या सरासऱ्या या टिकून राहिलेल्यांच्या सरासऱ्या असतात. दोन वर्षांपूर्वी मी हजेरीपटातून नाव कमी झालेल्या सात जणांना फोन केले. पाच जण बोलले. पैसे, आजारपण, घरची जबाबदारी अशी कारणे मला अपेक्षित होती आणि तीही निघाली. पण एका मुलीने सांगितले की आजारपणानंतर परतल्यावर बुडालेली प्रात्यक्षिके कधी करायची, हे विचारायला ती तीन खोल्यांत फिरली, प्रत्येकाने तिला दुसऱ्याकडे पाठवले आणि चौथ्या दिवशी ती आलीच नाही. तिचे वाक्य मला पाठ आहे : "मला कोणी नाही म्हटलं नाही, मॅडम. हो पण कोणी म्हटलं नाही." आमच्या दफ्तरी तिच्या नावापुढे 'वैयक्तिक कारण' अशी नोंद आहे. बुडालेल्या प्रात्यक्षिकांसाठी आता विभागात एक ठरलेला वार आणि एक ठरलेली व्यक्ती आहे, आणि ते प्रयोगशाळेच्या दारावर लिहिलेले आहे. ही व्यवस्था करायला एक दुपार पुरली. त्या मुलीला ती मिळाली नाही.

विद्यार्थी फक्त सोपी प्रश्नपत्रिका मागतील, अशी भीती मला पुष्कळदा ऐकवली जाते. माझा अनुभव तसा नाही. गुण द्या म्हटले की काही जण रागाने किंवा लोभाने गुण देतात, आणि निनावी अर्जांत कधी कधी अध्यापकाच्या कपड्यांवर किंवा उच्चारांवर लिहिलेले बोचरे शेरेही येतात, ते मी वाचले आहेत. पण शिकताना काय घडले ते सांगा म्हटले की बहुतेक जण जपून आणि प्रामाणिकपणे सांगतात. अवघड विषय सोपा करा असे माझ्याकडे क्वचितच कोणी मागितले. अवघड आहे हे आधी सांगा आणि त्याला वेळ द्या, असे अनेकांनी मागितले.

ऐकल्यानंतर परत येऊन सांगणे हा याचा निम्मा भाग आहे, आणि तोच बहुतेक ठिकाणी गळतो. ब्रिटनमध्ये २००५ पासून राष्ट्रीय पातळीवर विद्यार्थ्यांचे सर्वेक्षण होते आणि त्यात मुख्यतः शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारले जाते. अशा सर्वेक्षणाचा उपयोग झालाच तर तो पुढच्यांना होतो, उत्तर देणारा तोवर निघून गेलेला असतो. विद्यार्थी अर्ज भरायला कंटाळतात, अशी तक्रार आपण करतो, पण आपल्या शब्दाने काही हलले असे त्यांनी कधी पाहिलेच नसेल तर त्यांनी का भरावा? सहाव्या आठवड्याच्या पहिल्या तासाला मी कागद घेऊन वर्गात उभी राहते आणि एकेक मुद्दा वाचते. हे आजपासून बदलते, हे विभागाच्या बैठकीत नेते, हे बदलणार नाही आणि त्याचे कारण असे. तिसऱ्या प्रकारचे उत्तर द्यायला मला सुरुवातीला संकोच वाटे. दर आठवड्याची छोटी चाचणी बंद करा, अशी मागणी आली तेव्हा मी स्पष्ट सांगितले की ती मी बंद करणार नाही, कारण आठवून लिहिल्याने लक्षात राहते आणि पुन्हा वाचल्याने तितके राहत नाही, याचा भक्कम पुरावा आहे. मात्र तिचे गुण अंतिम निकालात धरणार नाही. वर्गाने ते मान्य केले.

यंदाच्या कागदावर एक मुद्दा पुन्हा आला आहे, सलग तिसऱ्या वर्षी. प्रात्यक्षिकाची वही तपासून परत मिळायला पाच आठवडे लागतात, तोपर्यंत पुढची तीन प्रात्यक्षिके होऊन जातात आणि पहिल्यातली चूक प्रत्येकात पुन्हा होते, असे हा मुद्दा पहिल्यांदा आला तेव्हा विद्यार्थ्यांनी लिहिले होते. मी दोन आठवड्यांचा शब्द दिला होता. गेल्या वर्षी मला चार लागले, यंदा तीन. "आता तीन आठवडे लागतात," असे या वेळी त्यांनी लिहिले आहे, आणि त्याखाली, दुसऱ्या हस्ताक्षरात, "दोन म्हणाला होतात." आज रात्री तपासायच्या एकोणीस वह्या टेबलावर आहेत.